वेळ बदलण्यात आली आहे : निवेदनातील लोपलेला कर्ता



मागील घटकात आपण कर्तरी, कर्मणी आणि भावे या तीन प्रयोगांची ओळख करून घेतली. परीक्षेत 'प्रयोग ओळखा' असा प्रश्न येतो, त्याचे उत्तर लिहून दोन गुण मिळतात आणि बहुतेकांचा प्रयोगविचाराशी असलेला संबंध तेथेच संपतो. या घटकात तो संबंध थोडा पुढे न्यायचा आहे. प्रयोग ही केवळ क्रियापदाच्या लिंगवचनाची बाब नाही. एखादी गोष्ट कोणी केली हे सांगायचे की झाकायचे, याची सोयही भाषेने प्रयोगांच्या द्वारा करून ठेवलेली आहे.

उदाहरणासाठी मी साहित्यकृती निवडलेली नाही. फुटबॉलच्या सामन्यांच्या वेळा दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी बदलल्या जातात आणि त्यावरून अनेक देशांतील चाहते संतप्त होतात, हा आपला विषय आहे. या संतापाला पुष्कळदा पत्ताच सापडत नाही. तो का सापडत नाही, याचे एक कारण व्याकरणात आहे.

एक निवेदन

समजा, तुम्ही अलिबागजवळच्या एखाद्या गावात राहता आणि मुंबई सिटी एफसी या संघाचे चाहते आहात. हा संघ घरचे सामने अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनामध्ये खेळतो. रविवारचा सामना सायंकाळी ५ वाजता आहे. सकाळची कामे उरकून तुम्ही मांडव्याहून लाँचने गेटवे ऑफ इंडियाला उतरणार, चर्चगेटहून लोकलने अंधेरी गाठणार. सात वाजता सामना संपला की पनवेलमार्गे एस.टी.ने मध्यरात्रीच्या आत घरी पोहोचण्याची आशा बाळगता येते. आठवडाभर आधी निवेदन येते :

'रविवारच्या सामन्याची वेळ अपरिहार्य कारणास्तव बदलण्यात आली असून सामना सायंकाळी ७.३० वाजता सुरू होईल. प्रेक्षकांनी कृपया नोंद घ्यावी.'

हे निवेदन मी अभ्यासासाठी रचलेले आहे, परंतु त्यातील एकही शब्द तुम्हाला अपरिचित वाटणार नाही. बदल अवघ्या अडीच तासांचा आहे. घरी पंख्याखाली बसून सामना पाहणाऱ्याला तो जाणवणारही नाही. उलट जेवणाच्या वेळेला सामना आला म्हणून त्याला बरेच वाटेल. तुमचा मात्र परतीचा मार्गच त्या अडीच तासांत नाहीसा होतो. साडेनऊला अंधेरीहून निघालेल्यास मांडव्याची लाँच नाही. कसेबसे वडखळ नाक्यापर्यंत आलात तरी पुढचा प्रश्न उरतोच, आणि सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचे असते.

आता रागवायचे कोणावर? निवेदन पुन्हा वाचा. वेळ कोणी बदलली, हे त्यात कोठेही नाही.

कर्ता कसा नाहीसा होतो

पुढील तीन वाक्ये शेजारी शेजारी ठेवून पाहा.

संयोजकांनी सामन्याची वेळ बदलली.
सामन्याची वेळ बदलण्यात आली.
सामन्याची वेळ बदलली.

पहिले वाक्य सकर्मक क्रियापदाचे, भूतकाळातील, म्हणून कर्मणी प्रयोगाचे. क्रियापद 'वेळ' या कर्माप्रमाणे चालते. कर्त्याला तृतीयेचा प्रत्यय लागला आहे, पण कर्ता वाक्यात उभा आहे. त्याच्याकडे बोट दाखवता येते.

दुसऱ्या वाक्यात 'बदलण्यात आली' ही रचना आली. क्रमिक व्याकरणांत हिचा विचार 'नवीन कर्मणी' या नावाखाली केला जातो आणि तिच्या प्रसाराचा संबंध इंग्रजी वाक्यरचनेच्या प्रभावाशी जोडला जातो. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त प्रयोगांची चर्चा विस्ताराने आली आहे. ग्रंथालयात तो ग्रंथ मिळाल्यास प्रयोगाचे प्रकरण अवश्य चाळावे. नव्या कर्मणीत कर्ता आणायचाच झाला तर 'संयोजकांकडून' किंवा 'संयोजकांच्या वतीने' असा आणता येतो. परंतु तो आणलाच पाहिजे असे वाक्य म्हणत नाही. कर्त्यावाचूनही ते पूर्ण वाटते. सरकारी परिपत्रकांना ही रचना इतकी प्रिय का, ते येथे कळते. रस्ता बंद करण्यात येतो, भाडे वाढवण्यात येते, अर्ज फेटाळण्यात येतो. सगळे होत असते. करणारा कोणीच नसतो.

तिसरे वाक्य मला सर्वांत लक्षणीय वाटते. मराठीत 'बदलणे' हे क्रियापद सकर्मकही आहे आणि अकर्मकही. 'पडणे–पाडणे', 'तुटणे–तोडणे' यांत रूप बदलले की करणारा आहे की नाही ते समजते. झाड पडले आणि झाड पाडले यांतला फरक लहान मुलालाही कळतो. 'बदलणे' मध्ये हा भेद रूपावरून दिसत नाही. 'वारा बदलला' आणि 'त्याने सदरा बदलला' या दोन्ही वाक्यांत क्रियापद तेच. म्हणून 'वेळ बदलली' असे म्हटले की वारा बदलावा तशी ती आपोआप बदलल्याचा भास होतो. त्यासाठी 'ण्यात येणे' ची गरजही पडत नाही.

'लांबणीवर टाकणे' आणि 'लांबणीवर पडणे' ही जोडीही अशीच तपासून पाहा. सामना लांबणीवर टाकला म्हणजे कोणीतरी टाकला. लांबणीवर पडला म्हणजे, जणू काही, त्याचा पाय घसरला.

दोन वेळा

येथे थोडे आडवळण घेतो. मराठीत 'वेळ' हा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि पुल्लिंगीही. घड्याळातला ठरलेला क्षण सांगायचा असेल तर 'ती वेळ' : सामन्याची वेळ, गाडीची वेळ, औषधाची वेळ. खर्च होणारा, आयुष्यातून वजा होणारा काळ सांगायचा असेल तर 'तो वेळ' : माझा वेळ गेला, तुझा वेळ घेतला. शब्द एकच, पण लिंग बदलताच त्या शब्दाचा मालक बदलतो. वेळापत्रक करणाऱ्याच्या हाती 'ती वेळ' असते. ती तो ५ वरून ७.३० वर नेऊन ठेवतो. त्यापायी जो वेळ जातो, तो मात्र प्रेक्षकाचा असतो. निवेदनात नेहमी स्त्रीलिंगी वेळ येते. पुल्लिंगी वेळेचा उल्लेख असलेले निवेदन माझ्या पाहण्यात नाही.

निवेदनातल्या दुसऱ्या वाक्याकडेही लक्ष द्या : 'प्रेक्षकांनी कृपया नोंद घ्यावी.' विध्यर्थातले हे वाक्य. त्यात कर्ता आहे, स्पष्ट आहे आणि तो आहे 'प्रेक्षक'. म्हणजे संपूर्ण निवेदनात ज्याने निर्णय घेतला तो अदृश्य, आणि ज्याला निर्णयाचा त्रास होणार त्याच्या माथी एक कर्तव्य, तेही नावानिशी.

हे लिहिताना मला स्वतःचाच एक कागद आठवतो. काही वर्षांपूर्वी एका अभ्यासकेंद्रात संपर्क सत्राची तारीख मला अन्य कामामुळे बदलावी लागली. फलकावर मी लिहिले, 'रविवारचे संपर्क सत्र पुढे ढकलण्यात आले आहे. विद्यार्थ्यांनी नोंद घ्यावी.' भाषाविज्ञानाची पदवी खिशात असूनही वाक्य असेच उतरले. त्या रविवारी दक्षिणेकडच्या खाडीपलीकडच्या गावातून एक विद्यार्थी पहाटेच्या एस.टी.ने आला. फलक वाचून त्याने शिपायाला विचारले, 'कोणी ढकलले?' शिपायाने हसत मला तो प्रश्न सोमवारी सांगितला. मला हसू आले नाही. त्या विद्यार्थ्याची एका दिवसाची मजुरी गेली होती, आणि माझ्या वाक्यात मी कोठेच नव्हतो.

वेळ प्रत्यक्षात कोण बदलते

निवेदनाने झाकलेला कर्ता शोधण्यासाठी व्यवहार समजून घ्यावा लागतो. स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क विकत घेणारी कंपनी मोठी रक्कम मोजते. त्या रकमेची भरपाई जाहिरातींतून आणि वर्गणीतून होते. जाहिरातीचा दर पाहणाऱ्यांच्या संख्येवर ठरतो आणि ती संख्या रात्रीच्या ठरावीक तासांत सर्वाधिक असते. म्हणून हक्कांबरोबर वेळेबद्दल आग्रह धरण्याची ताकदही विकत घेणाऱ्याकडे येते. वेळ जाहीर करणारी संस्था एक, वेळ सुचवणारी दुसरी. निवेदन पहिलीच्या नावाने निघते.

आपल्या देशात हे एकदा उघडपणे बोलले गेले, ते क्रिकेटमध्ये. आयपीएलचे २०१८ ते २०२२ या पाच हंगामांचे हक्क स्टार इंडियाने १६,३४७.५ कोटी रुपयांना घेतले. त्यानंतर जानेवारी २०१८ मध्ये लीगचे तत्कालीन अध्यक्ष राजीव शुक्ला यांनी सांगितले की, प्रक्षेपकांच्या विनंतीवरून रात्री ८ चे सामने ७ वाजता आणि दुपारी ४ चे सामने ५.३० वाजता सुरू करण्याचे ठरले आहे. येथे कर्ता नावानिशी समोर आला, आणि कर्ता दिसताच वाद घालणे शक्य झाले. संघमालकांनी आक्षेप घेतला. साखळी सामन्यांच्या वेळा त्या वर्षी जुन्याच राहिल्या आणि बाद फेरीचे सामने तेवढे ७ वाजता झाले. फुटबॉलच्या चाहत्यांना असे भाग्य क्वचितच लाभले. आय-लीगचे २०१७-१८ च्या हंगामातले काही सामने दुपारी २ वाजता, भर उन्हात खेळवले गेले.

इंग्लंडमधली गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. तेथे १९६० च्या दशकापासून एक नियम आहे : शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत फुटबॉलचे थेट प्रक्षेपण देशात दाखवायचे नाही. लोक घरी बसतील आणि लहान क्लबांची मैदाने ओस पडतील, ही त्यामागची भीती. नियम चाहत्यांच्या बाजूचा. पण त्याचा परिणाम उलटा झाला. शनिवारचा परंपरागत सामना ३ वाजता असतो. तो दूरचित्रवाणीवर दाखवायचा तर त्या वेळेबाहेर नेणे भाग पडते : साडेबाराला, साडेपाचला, रविवारी किंवा सोमवारी रात्री. २०२३ मध्ये वुल्व्हज आणि चेल्सी यांचा सामना २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या दिवशी ठेवला गेला. प्रीमियर लीगमध्ये १९९५ नंतर असे प्रथमच घडत होते. गणेशचतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी कोकणातल्या माणसाला सामन्यासाठी मुंबईला बोलवावे, तसेच ते झाले. चाहत्यांनी विरोध केला. सामना त्याच दिवशी झाला.

जर्मनीतल्या चाहत्यांनी मात्र निर्णय फिरवून दाखवला. २०१७-१८ च्या हंगामापासून बुंडेसलिगाचे वर्षाकाठी पाच सामने सोमवारी रात्री ठेवण्यात... नव्हे, जर्मन फुटबॉल लीगने ठेवले. (पाहिलेत, सवय किती खोल असते.) लीगचे म्हणणे असे की, गुरुवारी युरोपीय स्पर्धेत खेळणाऱ्या संघांना विश्रांती हवी. ते कारण खोटे नव्हते. पण सोमवारी रात्री शेकडो किलोमीटर प्रवास करून मंगळवारी कामावर जाणाऱ्याची विश्रांती कोणी मोजली नव्हती. १९ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्रँकफर्टमध्ये लाइपझिगविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांनी मैदानावर टेनिसचे चेंडू फेकले. त्यानंतरच्या सोमवारी डॉर्टमुंडमध्ये चाहत्यांनी ऑग्सबुर्गविरुद्धच्या सामन्यावर बहिष्कार घातला. ८१ हजारांचे ते मैदान एरवी भरलेले असते. त्या रात्री सुमारे ५४ हजार प्रेक्षक होते. दूरचित्रवाणीला जे चित्र हवे होते, त्यातली गर्दीच चाहत्यांनी काढून घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लीगने जाहीर केले की, पुढील करारापासून, म्हणजे २०२१-२२ पासून, सोमवारचे सामने राहणार नाहीत.

चेंडू फेकण्याचे समर्थन मी करीत नाही. भाषेचा विद्यार्थी म्हणून मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, त्यांच्या तक्रारीला कर्ता होता. 'सोमवारी सामने होतात हे बरे नाही' असे ते म्हणत नव्हते. ते लीगला उद्देशून बोलत होते.

किनाऱ्यावरचा कर्ता

येथवर वाचून तुम्ही एका मोठ्या कंपनीकडे बोट दाखवाल आणि घटक संपला असे समजाल. थोडे थांबा. इंग्लंडमधला दुपारी साडेबाराचा सामना आपल्याकडे त्यांच्या उन्हाळी वेळेत सायंकाळी ५ ला आणि हिवाळ्यात ६ ला दिसतो. रेवदंड्याच्या किंवा मुरूडच्या तरुणाला ही वेळ सोयीची. तोच सामना लांबच्या शहरातून पाहायला जाणाऱ्या तिथल्या चाहत्याला सकाळी अंधारात घर सोडायला लावतो. स्पेनमध्ये तर २३ डिसेंबर २०१७ रोजी रिअल माद्रिद आणि बार्सिलोना यांचा सामना दुपारी १ वाजता ठेवला होता, आणि तो आशियातील प्रेक्षकांचा विचार करून, हे लपवलेले नव्हते. आपल्याकडे तेव्हा सायंकाळचे साडेपाच वाजले होते. म्हणजे 'वेळ बदलण्यात आली' या वाक्यातल्या रिकाम्या जागी, अगदी थोड्या अंशाने का होईना, आपणही बसलो आहोत. मांडव्याच्या लाँचची वाट पाहणारा चाहता आणि माद्रिदमध्ये दुपारचे जेवण सोडून निघालेला चाहता यांची तक्रार एकच आहे. पहिल्या तक्रारीत आपण पीडित असतो, दुसरीत कारण.

आपल्या किनाऱ्याला बदलत्या वेळेचे वावडे नाही. येथे पुळणीवर खेळणारी मुले घड्याळापेक्षा पाण्याकडे पाहतात. ओहोटीला ओली, घट्ट वाळू उघडी पडते तोच त्यांचा मैदानाचा काळ. कुलाबा किल्ल्यात पायी जाणाऱ्यांनाही हेच गणित लागते : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अदमासे मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. खेळाची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते आणि कोणी तक्रार करीत नाही. कारण हा बदल सर्वांना आधी कळतो, सर्वांना सारखाच लागू होतो, आणि त्यातून कोणी पैसे मिळवीत नाही. 'पाणी ओसरले', 'भरती आली' ही कर्त्यामागे दुसरा कोणी न दडलेली, प्रामाणिक अकर्मक वाक्ये आहेत. कचेरीत घेतलेल्या निर्णयाला हेच भरतीचे व्याकरण चढवले जाते, तेव्हा आपण सावध व्हायला हवे.

गावातल्या कबड्डीच्या स्पर्धेचे उदाहरण त्याहून वेगळे. रायगड जिल्ह्यात हिवाळ्यात दिव्यांच्या उजेडात रात्रीचे सामने रंगतात. पत्रकावर ८ वाजता लिहिलेले असते, आणि ध्वनिक्षेपकावरून सांगितले जाते की उद्घाटक अजून पेणला पोहोचले आहेत. प्रेक्षक वैतागतात, पण कोणावर वैतागायचे हे त्यांना ठाऊक असते. मंडळाचा अध्यक्ष समोर खुर्ची लावत असतो. त्याला जाऊन विचारता येते. प्रो कबड्डी लीग २६ जुलै २०१४ रोजी सुरू झाली, खेळ मातीवरून मॅटवर आणि रात्रीच्या थेट प्रक्षेपणात गेला. खेळाडूंना नाव आणि पैसा मिळाला, हे चांगलेच झाले. पण वेळेबद्दल विचारायचे तर खुर्ची लावणारा कोणी समोर उरला नाही.

तक्रार कशी लिहावी

व्यावहारिक मराठीच्या प्रश्नपत्रिकेत तक्रारअर्ज विचारला जातो. बहुतेक उत्तरांत विद्यार्थी निवेदनाचेच व्याकरण उचलतात : 'सामन्याची वेळ अचानक बदलण्यात आल्याने प्रेक्षकांची गैरसोय झाली आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.' या अर्जात वेळ बदलणारा नाही, गैरसोय झालेला माणूस 'प्रेक्षक' या सामान्यनामात विरलेला, आणि कार्यवाही कोणी करायची तेही नाही. असा अर्ज वाचणाऱ्याला काहीच करावे लागत नाही.

त्याऐवजी असे लिहून पाहा : 'आपण दि. ४ रोजी सामन्याची वेळ ५ वरून ७.३० केली. मी दि. १ रोजी दोन तिकिटे घेतली होती. रात्री साडेनऊनंतर मला अलिबागला परतण्यासाठी वाहन नाही. ही वेळ कोणाच्या मागणीवरून बदलली, ते आपण मला लेखी कळवावे आणि तिकिटांची रक्कम परत करावी.' वाक्ये साधी आहेत. 'आपण' आहे, 'मी' आहे, तारखा आहेत, मागणी मोजता येणारी आहे. तिकिटाचे पैसे देणारा चाहता ग्राहक असतो. उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये, हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे म्हटले. पुढे २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे बंधनकारक झाले. घरी बसून पाहणाऱ्याचा विचार कायद्याने असा केला. तिकीट काढून मैदानावर जाणाऱ्याच्या वेळेबद्दल त्या कायद्यात काही नाही.

स्वयं-अध्ययनासाठी

१. तुमच्या एस.टी. स्थानकावरील, जेट्टीवरील किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावरील तीन सूचना वहीत उतरवून घ्या. प्रत्येक वाक्याचा प्रयोग ओळखा. जेथे कर्ता नाही तेथे तो कोण असावा, ते चौकशी करून लिहा. अंदाज लिहू नये.

२. 'अपरिहार्य कारणास्तव' या शब्दप्रयोगाचा विग्रह करा आणि पहिल्या प्रश्नासाठी जमवलेल्या सूचनांतील कारण खरोखर टाळता न येणारे होते का, ते दोन-तीन वाक्यांत सांगा.

३. 'बदलणे' प्रमाणे सकर्मक व अकर्मक अशा दोन्ही रीतींनी, रूप न बदलता चालणारी आणखी क्रियापदे शोधा. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ती अधिक सापडतील.

४. या घटकात सांगितलेली, फलकावरची माझी सूचना मी आज कशी लिहायला हवी, ते दोन वाक्यांत लिहा. उत्तर पुढील संपर्क सत्रात मला दाखवा. सत्राची तारीख मी बदलली, तर तसे मीच माझ्या सहीने कळवीन.